आधी दोरा तुटावा: तापी ते नर्मदा, कॅनोतून पाच दिवस

पहिला दिवस : भुसावळ

जानेवारीचा दुसरा आठवडा. सोळा फुटी फायबरची कॅनो जीपच्या टपावर बांधून आम्ही तिघे संध्याकाळी भुसावळला पोहोचलो. बेत असा होता: हतनूरचा जलाशय, मग प्रकाशा गावाजवळ तापी, शेवटी धडगावच्या बाजूने नर्मदेचं पाणी. तिन्ही ठिकाणी काम एकच, होडीमागे नकली मासा ओढत वल्हवायचं. मोटरबोटवाले याला ट्रोलिंग म्हणतात. कॅनोतून ते करताना काठीपेक्षा, रिळापेक्षा आणि नकली माशापेक्षाही जास्त घोळ दोऱ्यावरून होतो, म्हणून चार तऱ्हेचे दोरे बरोबर घेतले होते: ०.३२ आणि ०.४० मिमीचा नायलॉन, ०.२० मिमीचा ब्रेड, म्हणजे बारीक तंतूंचा विणलेला दोरा, आणि लीडरसाठी, म्हणजे गळाकडच्या शेवटच्या काही मीटरसाठी, ०.४५ मिमीचा फ्लुरोकार्बन.

कोकणात ज्याला तंगूस म्हणतात तो हाच नायलॉन. इकडे दुकानात 'नायलॉन दोरा' मागायचा आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगायची. रिळावर ताकद बहुतेक वेळा पौंडात छापलेली असते. किलो काढायला आकडा निम्मा करायचा आणि त्यातून त्याचाच दहावा भाग काढून टाकायचा. २० पौंड म्हणजे १० वजा १, नऊ किलो. दुकानदार पौंडांवरून दोरा विकतो, घेणाऱ्याने मात्र जाडी बघावी. त्याच २० पौंडाला नायलॉन ०.४० मिमीच्या वर जातो आणि ब्रेड ०.२३च्या आसपास राहतो. पाण्यात फरक पाडते ती जाडी.

रात्री खोलीच्या गच्चीवर रीळ भरण्याचं काम झालं. नायलॉनची चकती आधी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवली, म्हणजे दोऱ्याचा अंगचा पीळ सैलावतो. मग एकाने ओल्या फडक्यातून दोरा चिमटीत धरायचा आणि दुसऱ्याने फिरवायचं. ताण न देता भरलेला दोरा पहिल्याच मोठ्या ओढीत खालच्या वेढ्यांत रुतून बसतो आणि नेमक्या वेळी सुटत नाही. रीळ काठोकाठ भरू नये, दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवावेत. ब्रेड थेट रिळाला बांधला तर अख्खा गठ्ठाच रिळावर गोल फिरतो आणि माणसाला वाटतं ब्रेक बिघडला. म्हणून खाली दहा-पंधरा मीटर नायलॉन आणि त्यावर ब्रेड.

गच्चीच्या कठड्याला दोन्ही दोरे दहा-दहा मीटर बांधून सामान तोलायच्या हातकाट्याने दोन-दोन किलोंनी ओढून पाहिले. ०.३२चा नायलॉन मीटरभर लांबला. ब्रेड चार बोटंही हलला नाही. कॅनोसाठी दोऱ्याची निवड निम्मी तरी याच एका फरकावर ठरते, आणि त्याचं कारण दुसऱ्या दिवशी पाण्यावर कळायचं होतं.

जेवायला हिरव्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. भरताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ही धुरकट चव येत नाही, यावर तिघांचं एकमत.

दुसरा दिवस : हतनूर

पहाटे सहाला पाण्यावर इतकं धुकं की समोरचा काठ दिसेना. हतनूरचं धरण तापीवर आहे आणि पूर्णा नदी चांगदेवजवळ तापीला मिळते, म्हणून जलाशयाला दोन बाहू. ४१ दरवाज्यांच्या भिंतीपासून दूरच राहायचं, तिथे कुणी जाऊ देत नाही आणि जाऊही नये. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. आदल्या दिवशीच त्यांना भेटून विचारून ठेवलं होतं. परवानगीइतकाच त्या भेटीचा दुसरा फायदा मोठा: जाळी कुठे लावली आहेत ते कळतं. इथे जाळ्याला तरंगायला थर्माकोलचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या बांधतात. ओढता गळ जाळ्यात अडकला तर जाळं कापायचं नाही, आपला दोरा कापायचा.

काठावर जाळं उलगडत बसलेल्या एका भोई काकांनी आमची काठी हातात घेतली, ०.४०चा नायलॉन बोटांत चोळला आणि विचारलं, "एवढ्याशा होडीला एवढा जाड दोरा कशाला हो? मासा तुम्हाला ओढंल का तुम्ही माशाला?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मोटरबोट जड असते, एका वेगाने चालते आणि काठीजवळ एक माणूस मोकळा बसलेला असतो. कॅनोत तसं काहीच नाही. दोन्ही हातांत वल्हं, काठी खोबणीत उभी, आणि होडी एका वेगाने न जाता प्रत्येक वल्ह्याला झेपावते, मग मंदावते. मासा लागतो तो वल्हं पाण्यात असताना. काठी उचलून झटका द्यायला दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्या वेळात दोऱ्यात अंगची ढील नसेल तर माशाच्या तोंडातून गळ फाटून निघतो. नायलॉन तेवढी ढील देतो. तीस मीटर दोरा बाहेर असला की दोन-तीन मीटरचा धक्का तो स्वतःच गिळतो, मासा स्वतःच्या वजनाने अडकतो आणि वल्हं ठेवायला वेळ मिळतो. शिवाय वल्ह्यागणिक बसणारे हिसकेही तोच सौम्य करतो.

काकांच्या प्रश्नाचं दुसरं अंग असं की हलकी होडी हीच एक ब्रेक आहे. दोन माणसं आणि सामान धरून आमचं वजन दोनशे किलोंच्या आसपास. दीड-दोन किलोंची ओढ लागली की होडी माशामागे सरकू लागते. त्यामुळे इथे मोटरबोटीइतक्या ताकदीचा दोरा लागतच नाही. ०.३२चा, म्हणजे साधारण साडेपाच किलोंचा नायलॉन हतनूरच्या पाण्याला पुरतो. ०.४० आम्ही त्या दिवशी वापरलाच नाही.

रिळाचा ब्रेक, म्हणजे किती ओढीला रीळ दोरा सोडू लागेल ती मर्यादा, दोऱ्याच्या ताकदीच्या पावभागावर लावायचा. साडेपाच किलोंच्या दोऱ्याला सव्वा ते दीड किलो. हे बोटांनी अजमावू नये. काठी खोबणीत तशीच ठेवून दोऱ्याच्या टोकाला हातकाटा लावायचा आणि ओढायचं. काठीच्या कड्यांतून जाताना घर्षण वाढतं, म्हणून नुसत्या रिळावर मोजलेला आकडा खोटा निघतो.

धुकं विरल्यावर पहिली फेरी. सात सेंटिमीटरचा डुबकी मारणारा नकली मासा, वेग ताशी तीनेक किलोमीटर. दोरा किती सोडला हे मोजायची सोपी रीत अशी: नकली मासा पाण्यात सोडून रीळ मोकळं ठेवायचं आणि वल्ही मोजायची. आमच्या होडीला पंधरा वल्ह्यांत पंचवीस मीटर जातात. प्रत्येकाने आपल्या होडीचा आकडा काठावर दोन खुणा करून आधी काढून ठेवावा. दोऱ्यावर शाईने खूण केली तर ती दोन दिवसांत पुसट होते. त्यापेक्षा शिवायच्या सुती दोऱ्याची सरकती गाठ पंचवीस मीटरवर घट्ट बसवली की अंधारातही बोटाला लागते.

हतनूरचं पाणी गाळाने उथळ झालेलं आहे, बऱ्याच पट्ट्यांत वल्ह्याचा दांडा तळाला टेकतो. अशा ठिकाणी जाडीचा हिशोब लगेच दिसतो. नायलॉनवर नकली मासा दोन मीटरच्या आसपास चालत होता. तोच मासा, तेवढाच दोरा, पण ०.२०चा ब्रेड लावताच तो अर्धा मीटर खाली गेला आणि तळाचा चिखल उकरू लागला. बारीक दोऱ्याला पाणी कमी अडवतं म्हणून मासा जास्त खोल जातो. ब्रेड स्वतः पाण्यावर तरंगतो, तरीही असंच होतं, कारण ओढ लागलेली असताना दोऱ्याच्या वजनापेक्षा त्याची जाडी भारी पडते. उथळ पाण्यात खोली कमी करायची तर दोरा जाड घ्या किंवा कमी सोडा.

तरीही दुपारी तासभर ब्रेडच लावून ठेवला, कारण पाणवनस्पती. नकली माशाला शेवाळाची एक काडी जरी अडकली तरी त्याची थरथर थांबते आणि मग तो नुसता मेलेला लाकडाचा तुकडा ओढल्यासारखा येतो. ब्रेडवर ही थरथर काठीच्या टोकापर्यंत पोहोचते. टोक सारखं नाचतंय म्हणजे मासा नीट चालतोय, टोक गप्प झालं म्हणजे गवत लागलं. नायलॉनवर हे कळत नाही, दर दहा मिनिटांनी ओढून बघावं लागतं. ब्रेड वापरायचा तर नायलॉनची ढील दुसरीकडून मिळवावी लागते: मऊ टोकाची काठी, एक किलोवर आणलेला ब्रेक आणि पुढे तीन-चार मीटर नायलॉनचा लीडर. एवढं केल्यावर चार तासांत एक शिवडा मिळाला, दीड किलोच्या आतबाहेर. शिवड्याचे दात मोठे नसतात. जबड्यात ब्रशसारखी बारीक दातांची पट्टी असते आणि ती दोरा कापत नाही, किसते. त्याच्यासाठी शेवटचा हातभर लीडर ०.५० मिमीचा ठेवावा. तारेचा लीडर लहान नकली माशाची चाल बिघडवतो.

पाण्यावर चक्रवाक, लांबवर पट्टकदंबांचा थवा. हतनूर हिवाळी पक्ष्यांसाठी ओळखलं जातं. थव्यातून दोरा ओढत जाऊ नये एवढं तर झालंच, पण कापलेला वीतभर नायलॉनही पाण्यात टाकू नये. पक्ष्याच्या पायात तो गुंतला की सुटत नाही. आम्ही पाण्याची रिकामी बाटली त्यासाठीच ठेवली होती, पाच दिवसांत ती निम्मी भरली.

परतताना चांगदेवाच्या दगडी देवळात थोडा वेळ टेकलो. रात्री शेवभाजी. तिखट इतकं की एकाने ताकाचे चार ग्लास संपवले.

*वाटेत लक्षात ठेवायचं :* दोरा जीपच्या पुढच्या काचेखाली ठेवू नका. नायलॉनचा शत्रू ऊन. खानदेशात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. उन्हाळाभर गाडीत पडलेली चकती दिसायला नवी दिसते आणि हातात कच्च्या सुतासारखी तुटते. दरवर्षी पावसाळ्यानंतर नायलॉन बदलायचाच. एका ब्रेडच्या किमतीत तो चार-पाच वेळा बदलता येतो, त्यामुळे जीव अडकवण्यासारखं काही नाही.

तिसरा दिवस : यावल-चोपडा-शिरपूर मार्गे प्रकाशा

सावदा, फैजपूर, यावल. दोन्ही बाजूंना केळीच केळी, घड उतरवून ट्रकात भरायचं काम सुरू. उजवीकडे सातपुडा निळसर. शहाद्याच्या आसपास केळीची जागा पपईने घेतली. दुपारी प्रकाशा.

इथे गोमाई तापीला मिळते. गावाला दक्षिण काशी म्हणतात, केदारेश्वराचं मंदिर आणि घाट नदीला लागून. याच गावाच्या पांढरीत १९५४-५५ला उत्खनन होऊन ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली होती. तेव्हाही इथली माणसं मासे खातच असणार, फक्त नायलॉन नव्हता.

प्रकाशाचं पाणी हतनूरच्या अगदी उलट. बॅरेजमुळे पाणी अडलेलं असलं तरी खाली खडक आणि पुलाचे खांब. घाटावर कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईंचा मुलगा, बारा-तेरा वर्षांचा, आमचा ब्रेड बघून म्हणाला, "खाल दगडच दगड शेतस, भाऊ. तुम्हना दोरा घासाई जाई."

घासाई जाई म्हणजे घासला जाईल. अर्ध्या तासात तेच झालं. ब्रेड शेकडो बारीक तंतूंचा विणलेला असतो. सरळ ओढीत तो नायलॉनला भारी पडतो, पण ताणलेला असताना दगडाच्या कडेवर घासला की तंतू एकेक करून सुटतात आणि दोरा बघता बघता लोकरीसारखा फुलतो. नायलॉन आणि फ्लुरोकार्बन अखंड असतात, त्यांना ओरखडा पडतो पण ते तग धरतात. म्हणून दगडी पाण्यात पूर्ण ब्रेड नको. ०.३५-०.४० मिमीचा नायलॉन आणि पुढे दोन मीटर ०.४५चा फ्लुरोकार्बन. फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा बराच जड, घनता १.७८, त्यामुळे बुडतो आणि पाणी पीत नाही. नायलॉन पाणी पितो आणि ओला झाल्यावर थोडा कमकुवत होतो. छापलेली ताकद बहुधा कोरड्या दोऱ्याची असते, हे गृहीत धरूनच हिशोब करावा.

मग पूर्ण रीळच फ्लुरोकार्बनने का भरू नये? महाग, ताठ, आणि रिळावरून स्प्रिंगसारखा उसळतो. थंडीच्या सकाळी तर जास्तच. कॅनोत पायाशी दोऱ्याचा गुंता होणं म्हणजे अर्धा तास गेला. लीडरपुरताच तो बरा.

इथेच एक मासा गेला आणि त्याचं कारण दोऱ्याच्या टोकावर लिहिलेलं सापडलं. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी: दोरा तुटला की आधी टोक बघायचं. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर दोरा तुटलेला नाही, गाठ सुटली. टोक चपटं, पांढरट, खरखरीत असेल तर दगडावर घासला. टोक सरळ, स्वच्छ असेल तर दात किंवा धारदार कड. आमचं टोक गुंडाळलेलं होतं. फ्लुरोकार्बनची गाठ कोरडीच आवळली होती. घर्षणाची उष्णता दोऱ्याला भाजते आणि गाठ तिथेच कच्ची होते. गाठ थुंकी लावून, सावकाश, एका दमात आवळायची. नायलॉनला पाच-सहा वेढ्यांची साधी क्लिंच पुरते. ब्रेड निसरडा, त्याला पालोमार किंवा आठ वेढ्यांची युनी. ब्रेड आणि लीडर जोडायला दुहेरी युनी. एफजी गाठ याहून बारीक आणि पक्की असते, पण हलत्या होडीत, गार बोटांनी ती बांधणं आम्हाला जमलं नाही, म्हणून घरून बांधून आणणं चांगलं.

संध्याकाळी वारा सुटला. दोन काठ्या लावायच्या असतील तर एक दोरा पंधरा मीटर, दुसरा तीस मीटर, आणि वळण नेहमी मोठं घ्यायचं. लहान वळणात आतल्या बाजूचा दोरा सैल पडून बाहेरच्यावर चढतो. वळणाचा एक फायदा मात्र फुकट मिळतो: बाहेरचा नकली मासा जोरात जातो, आतला मंदावतो. मासा सारखा बाहेरच्याला लागत असेल तर वल्हवायचा वेग वाढवा, आतल्याला लागत असेल तर कमी करा. त्या संध्याकाळी दोन लहान शिंगाळे, दोन्ही आतल्या दोऱ्यावर. थंड पाण्यात मासा पळायला तयार नसतो. पण बाहेरचं वारं इतकं होतं की वेग कमी केला तर होडी आडवी होत होती. सात वाजता आवरतं घेतलं.

चौथा दिवस : चांदसैली घाट, धडगाव, भुषा

तळोद्याहून चांदसैलीचा घाट. पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात, जानेवारीत रस्ता ठीक होता, पण टपावर सोळा फुटांची कॅनो असल्याने वळणावळणावर समोरच्याला थांबवावं लागलं. धडगावात चहा आणि तूरडाळ घेतली. बाजारात आमचूर दिसला, तोही घेतला. धडगावहून भुषापर्यंतच्या रस्त्यात शेवटची उतरण लक्षात राहणारी. आणि मग एकदम नर्मदा: डोंगरांच्या मधोमध हिरवं, स्थिर, अफाट पाणी. पाड्यांवर जायला हे पाणीच रस्ता. लाँचमधून माणसं, शेळ्या, धान्याची पोती. तरंगता दवाखानाही याच पाण्यावर चालतो.

हे सरदार सरोवर धरणाने अडवलेलं पाणी, त्याची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. दरवाजे बंद व्हायच्या आधी धरणाची उंची १२१.९२ मीटर होती. जून २०१७ला दरवाजे बंद झाले आणि २०१९च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा पूर्ण भरलं. गळ ओढणाऱ्याने हे दोन आकडे लक्षात ठेवायचे, कारण त्यांच्या मधल्या सतरा मीटरच्या पट्ट्यातली झाडं अलीकडे बुडाली आहेत. खालची जुनी खोडं कधीच मोडली, पण या पट्ट्यातली अजून फांद्यांसकट उभी आहेत. हिवाळ्यात पातळी उतरू लागते तेव्हा नेमकी तीच झाडं पृष्ठभागाखाली दोन ते पाच मीटरवर येतात. म्हणजे आपला नकली मासा जिथून जातो तिथे.

काठावर होडी दुरुस्त करणाऱ्या एका पावरा दादांनी हाताने दाखवलं: "तिकडं जाऊ नका दादा, तिकडं पाण्यात सागाचं जंगल आहे. तिकडून या, तिथं शेत होतं." बुडालेल्या शेतावरून ओढा, बुडालेल्या जंगलावरून नको. एवढी अचूक सूचना कुठल्या खोली मोजणाऱ्या यंत्रानेही दिली नसती. मगरीबद्दलही त्यांनाच विचारून मग पाण्यात उतरलो.

पाणी तापीपेक्षा खूप स्वच्छ, म्हणून पहिल्यांदाच लीडर बारीक केला: ०.३५चा फ्लुरोकार्बन, तीन मीटर. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३च्या आसपास. म्हणजे फ्लुरोकार्बन अदृश्य होत नाही, कमी दिसतो. गढूळ हतनूरला हा पैसा वाया होता, इथे नाही. मुख्य दोरा मात्र पिवळा ठेवला. मागे वळून पाहिल्यावर दोरा कुठे चाललाय हे दिसलं पाहिजे, विशेषतः शेजारून लाँच जाणार असेल तेव्हा.

शेतावरून दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीत वाऱ्याने आम्हाला जंगलाच्या कडेला नेलं आणि काठी एकदम वाकली. मासा नव्हे, खोड. रीळ किरकिरत राहिलं, होडी स्वतःच्या वेगाने पुढे, आणि दोरा उजव्या बाजूने काटकोनात ताणला गेला. मागच्याने सवयीने रीळ हाताने दाबून धरलं, तशी होडीची कड पाण्याला लागली. एक मगभर पाणी आत आलं. रीळ सोडताच होडी सरळ झाली.

कॅनो बाजूने येणाऱ्या ओढीला फार कच्ची असते. पुढून किंवा मागून दहा किलो ओढलं तर ती नुसती सरकते, बाजूने, तेही होडीच्या काठाच्या उंचीवरून ओढलं आणि माणूस त्याच बाजूला झुकला, तर ती कलंडते. ब्रेडवर छापलेल्या आकड्यापेक्षा त्याची खरी ताकद बहुतेक वेळा जास्त भरते. २० पौंड लिहिलेला ब्रेड १३-१४ किलोंनाही तुटत नाही. मोठ्या पाण्याला मोठा दोरा हा हिशोब म्हणूनच कॅनोत उलटा करावा लागतो. आधी होडी किती ओढ सोसते ते ठरवा आणि त्याखाली तुटेल असा दुवा दोऱ्यात कुठेतरी ठेवा. आमच्या होडीला आम्ही सात किलोंची मर्यादा धरतो. मुख्य दोरा ब्रेड असला तरी लीडर सहा किलोंचा. तुटायचं तर लीडरच्या गाठीशी तुटेल, पाण्यात दोन-तीन मीटर दोरा राहील, तीस मीटर नाही.

अडकलेला दोरा सोडवायची रीत आता नीट लिहितो. वल्हवणं थांबवा, ब्रेक सैल करा. होडीचं तोंड दोऱ्याकडे करा आणि दोरा गुंडाळत अडकलेल्या जागेच्या पलीकडे जा. ज्या दिशेने नकली मासा आत शिरला त्याच्या उलट दिशेने हलकेच ओढा. दहातल्या सहा-सात वेळा गळ सुटतो. नाही सुटला तर दोरा हाताला कधीच गुंडाळायचा नाही, ब्रेड तर मुळीच नाही, तो मांसात उतरतो. वीतभर लाकडी दांडका होडीत ठेवावा, त्याला आठ-दहा वेढे द्यावेत, दांडका होडीच्या पुढच्या टोकावरून धरावा आणि दुसऱ्याने होडी उलटी वल्हवावी. सुरी दोघांच्याही गळ्यात हवी, डब्यात नको.

गळ सुटला तरी काम संपत नाही. शेवटचे तीन मीटर ओठांच्या मधून किंवा नखावरून ओढून बघायचे. बोटाला न कळणारा ओरखडा ओठाला कळतो. जरा जरी खरखर लागली तर दोन मीटर कापून नवी गाठ. त्या दिवशी तीनदा कापलं.

दुपारी चारला शेताच्या पट्ट्यावर काठी पुन्हा वाकली आणि या वेळी टोक थरथरत होतं. एकाने वल्हं आडवं ठेवून होडीचं तोंड दोऱ्याकडे वळवलं, माशाने आम्हाला साठ-सत्तर पावलं तरी ओढत नेलं असेल. रीळ थांबून थांबून किरकिरत होतं. मरळ, अडीच किलोंच्या वर, पाठीवर काळपट हिरवा, पोटाकडे नारिंगी झाक. लीडरवर जबड्याच्या बाजूने पांढरट ओरखडा पडलेला, वरून चार बोटांवर. आणखी एका झटक्यात गेला असता. महासीर मात्र दिसला नाही. वाहत्या नर्मदेचा तो मासा, मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा ठरवलंय. थांबलेल्या पाण्यात त्याची आशा धरू नये, आणि चुकून लागलाच तर पाण्यातूनच सोडून द्यावा.

मरळाचा रस्सा काठावरच्या घरी शिजला. त्यांनी त्यात आमचूर घातला, आमच्या पिशवीतला नव्हे, घरचा. लाल मिरची नंदुरबारची. बरोबर ज्वारीची भाकरी. थंडी इतकी की चुलीपासून उठवेना.

पाचवा दिवस : परत निघण्याआधी

सकाळी दोन तास मिळाले. मासे धरण्यापेक्षा दोरे सरळ करण्यात गेले. तीन दिवस फिरता चमचा (पाण्यात गरगरणारा धातूचा नकली मासा) बांधून ओढलेल्या नायलॉनला पीळ पडला होता. सैल सोडला की तो आपोआप स्वतःभोवती वळायचा. दोरा आणि चमच्याच्या मध्ये बॉल बेअरिंगची फिरकी लावली तर पीळ कमी पडतो, साध्या पितळी फिरकीने फारसा फरक पडत नाही. पडलेला पीळ काढायला मात्र होडीसारखं साधन नाही. टोकाला काहीही न बांधता, गळ नाही, फिरकी नाही, मोकळ्या पाण्यात साठ-सत्तर मीटर दोरा सोडायचा आणि दहा मिनिटं वल्हवत राहायचं. पाणीच दोरा उलगडतं. मग ओल्या फडक्यातून, ताण देत गुंडाळायचा.

ब्रेडचे पुढचे पाच मीटर प्रकाशाच्या दगडांनी फुलवले होते, ते कापले. उरलेला ब्रेड काढून उलटा भरला, म्हणजे खालचा न वापरलेला भाग वर आला. नायलॉनचे पहिले चाळीस मीटर टाकून दिले. तुकड्यांची बाटली जीपच्या दारात ठेवली आणि कॅनो टपावर चढवताना ते पावरा दादा येऊन उभे राहिले. उरलेल्या ०.४०च्या नायलॉनची चकती त्यांना दिली. त्यांनी ती उघडली, मीटरभर दोरा ओढून दोन हातांत ताणला, कानाजवळ नेऊन टिचकी मारली आणि आवाज ऐकून म्हणाले, "हा जाळं सांधायला चांगला."